तिरके सर आणि समोरची

आमचे तिरके सर कुणाच्याही तोंडाकडे बघून बोलत नसत. भालकीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला आले, तेव्हा पहिल्याच तासाला ते भिंतीच्या कडेकडेने वर्गात शिरले, फळ्याच्या टोकाला खिडकीशी उभे राहिले आणि अंगणातल्या कडुलिंबाकडे तोंड करून हजेरी घेऊ लागले. नाव पुकारलं की मुलगा 'हजर' म्हणे आणि सर झाडाकडे बघून मान हलवत. आम्हाला वाटलं, मास्तर लाजाळू आहेत. पुढे तीन वर्षं त्यांनी आम्हाला प्रकाश शिकवला, वीज शिकवली, अणू शिकवला, आणि या सगळ्यात आम्ही त्यांचा उजवा गाल, उजवा कान आणि कानावरचे पांढरे केस एवढंच पाहिलं.

तिरके हे त्यांचं आडनाव नव्हतं, ते पोरांनी ठेवलेलं नाव. पण ते इतकं मुरलं होतं की पहिल्या वर्षाच्या एका मुलाने रजेच्या अर्जावर सरळ 'माननीय तिरके सर यांस' असं लिहून दिलं. आम्ही श्वास रोखून बसलो. सरांनी अर्ज वाचला, सही केली आणि कडुलिंबाला सांगितलं, "नाव बरोबर लिवलाय. तारीख तेवढी चुकली बघ." मग स्वतःच हसले. त्यांचं हसू चांगलं होतं, पण तेही बाजूनेच बघायला मिळायचं.

कारण मला हॉस्टेलमध्ये कळलं. माझी खोलीवाली शारदा निर्णा गावची, तिला सगळ्या तालुक्याच्या भानगडी ठाऊक. ती म्हणाली, "तू त्यांच्या पुढ्यात उभारू नको गं. त्यांची नजर सरळ हाय." सरळ म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. नजर वाईट आहे असं कुणाच्या तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून आमच्या भागात सरळ म्हणत. सर मूळचे आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचे. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं, आता भाऊ तूर पिकवतो. लहानपणी त्यांनी मेंढरांच्या वाडग्यातल्या नव्या कोकरांकडे बघून "किती गोजिरी हायत" म्हटलं आणि सकाळी त्यातली काही ताठ होऊन पडली. पुढे शेजाऱ्याची म्हैस आटली, तेव्हाही हा पोरगा गोठ्याच्या दारात उभा होता म्हणे. त्यांच्या चुलतीने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि निकाल दिला. त्या दिवसापासून घरात कुणी तान्हं मूल घेऊन आलं की या पोराला भिंतीकडे तोंड करून बसवत. सर हे सगळं सांगताना चेष्टेवर नेत. "भिंतीकडं बघून बघून पाढे पाठ झाले. न्हाईतर मी कुठला गणितात पास होतोय?" असं म्हणत.

मी खटकचिंचोळीची, असल्या माणसांची मला नवलाई नव्हती. आमच्या गल्लीतही एक आजोबा होते. गावाला निघताना ते आडवे आले तर लोक परत घरात जाऊन पाणी पिऊन येत. मी त्यांच्या हातचे शेंगदाणे खाऊन मोठी झाले आणि मला साधी पडशीही झाली नाही. त्यामुळे शारदाचं ऐकून मला उलट जोर चढला. मी मुद्दाम सरांच्या पुढ्यात जाऊन शंका विचारायची. मी इकडून गेले की ते तिकडे वळायचे, मी तिकडून आले की ते इकडे. एकदा तर आम्ही दोघांनी प्रयोगशाळेच्या टेबलाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली. पोरींना ते लाडाने अव्वा, म्हणजे आई, म्हणत. शेवटी ते खिडकीला म्हणाले, "अव्वा, दमलीस की. बस आता खाली."

पण एकदा त्यांनी पाहिलं. प्रकाशाचा प्रयोग होता, अंधाऱ्या खोलीत पिवळा दिवा आणि लोलक. माझं उत्तर असं तंतोतंत आलं की वही बघताना ते भान विसरले, मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "शाब्बास!" डोळे साधेच होते, जरा पिवळट. पण पापणी लवत नव्हती. त्या दिव्यात तोंडाचा रंग गेलेला आणि मधोमध ते दोन डोळे, असं मला दिसलं. लगेच त्यांनी तोंड फिरवलं आणि हात भाजल्यासारखे खोलीबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मी हॉस्टेलच्या जिन्यावरून पडले आणि माझं मनगट मोडलं.

दवाखान्यात गावाहून आई आली होती. दुपारी सर आले आणि सलाइनच्या खांबाकडे तोंड करून उभे राहिले. हातात खडूची रिकामी डबी होती, ती त्यांनी आईपुढे धरली.

"काय हाय सर ह्येच्यात?" आई म्हणाली.

"माझ्या पायाची माती. पोरीवरनं उतरून टाका. मिरच्या, मोहऱ्या हायत का? न्हाईतर आणून देतो."

ज्याची नजर लागली त्याच्या पायाची माती मीठ-मिरच्यांत मिसळून ओवाळून टाकली की नजर उतरते, हे आमच्याकडे पोराबाळांनाही माहीत असतं. पण ती माती चोरून घ्यायची असते. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस स्वतः डबीत भरून घेऊन येतो, हे मी प्रथमच पाहत होते. मी म्हटलं, "सर, जिना ओला होता हो." ते म्हणाले, "व्हय की. जिना बी वल्ला हुता." आईने डबी दोन्ही हातांनी घेतली. दवाखान्याच्या मागे तिने मूठभर मिरच्या जाळल्या आणि एकालाही ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे नजर होती, असं समजतात. वारं उलट दिशेने होतं, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

त्यांच्या चपला हा एक वेगळाच विषय होता. भालकीच्या कडेला नव्या वसाहतीत त्यांचं घर. रस्ता डांबरी झाला होता, तरी सर कडेच्या मातीतून पाय ओढत चालायचे आणि धुळीने माखलेल्या चपला दाराबाहेर पायरीवर काढायचे, उंबऱ्याच्या आत कधीच नाही. मी विचारलं, "कुत्रं नेईल ना." ते म्हणाले, "कुत्रं कामून नेईल? बायका येत्यात बघ. पोरगं रडायलंय, दूध पीना झालंय. माती मागायला लाज वाटती त्यांना. म्हनून भायेर ठिवतो." एकदा मी चहा घेत असताना पायरीपाशी बांगड्या वाजल्या. सर बोलायचे थांबले, बांगड्या लांब जाईपर्यंत कप हातात धरून बसून राहिले आणि मग जिथे थांबले होते तिथून वाक्य पुढे सुरू केलं.

पुढे मी एम.एस्सी.ला कलबुर्गीला गेले, तिथेच कॉलेजात लागले, आणि सर निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, हे 'समोरची'ला लागले. समोरची म्हणजे एक दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी, पण फार फार लांबची. तिच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर आहे. भोवतीचा वायू, धूळ गरगर फिरत त्याच्यात पडते आणि त्यातला थोडा भाग गिळला न जाता दोन बाजूंना झोत होऊन बाहेर सुटतो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. अशा दीर्घिका पुष्कळ आहेत. काहींचा झोत मात्र नेमका पृथ्वीच्या दिशेने आलेला असतो, आणि सरांची ही त्यातली एक. तिच्या गॅमा किरणांचा आलेख उपग्रहावरून येतो आणि इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते पान मीच उघडून दिलं होतं. त्यानंतर रोज सकाळी आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून सर तिच्यापुढे बसायचे. शेजारपाजारचे लोक पंचांग बघतात तसा त्यांचा आलेख.

काकू, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय म्हणायलीय तुमची समोरची?" सर उत्तर द्यायचे, "आज गप हाय." किंवा, "आज जरा तापलीय." काकू मला म्हणायच्या, "चाळीस वर्षं मी ह्येंच्या बाजूला हाय, माझ्याकडं बघितले न्हाईत. आन् ह्या टवळीकडं बघा कसं टक लावून बसत्यात." त्या हसत होत्या, पण मला कुठे बघावं ते कळेना.

एकदा तुरीची रास चालू असताना सरांनी मला शेतात नेऊन ही समोरची समजावून सांगितली. त्यांच्या भावाच्या रानात मळणीचं मशीन धडधडत होतं. वरून गडी तुरीची झाडं टाकत होते, खालून दाणे पडत होते आणि एका तोंडातून भुसा लांबवर उडत होता. सर म्हणाले, "मशीन गिळायलंय समदं. पर भुसा फेकायलंय बघ त्या तोंडातनं. आपण हितं बाजूला उभारलोय, आपल्याला काय? नुसता आवाज. आता त्या तोंडासमोर जाऊन उभार." मी गेले आणि डोळ्यात, नाकात, केसांत भुसा घेऊन परत आले. सर पोटभर हसले. नंतर गंभीर झाले. "लोक म्हणत्यात, हिच्यात जोर लई. जोर समद्यांच्यात तेवढाच हाय गं. बाजूनं बघणाऱ्याला हीच दीर्घिका फिकी दिसंल, कुणी वळून बी बघणार न्हाई. आपण समोर आलोत, म्हनून ही जळती दिसती. दोष तिचा न्हाई."

मी डोळे चोळत होते, तरी मला कळलं की ते समोरचीबद्दल बोलत नाहीत. मी धीर करून म्हटलं, "मग सर, हेच तुमच्याबद्दलही खरं असेल की. दोष तुमचा नाही." ते मशीनकडे बघत म्हणाले, "तिच्याकडं मी पोट भरून बघू शकतो. तिला माझं काय लागायचं न्हाई. मी जे बघायलोय ते कोट्यवधी वर्षांमागचं. तवा मी नव्हतो, माणूसच नव्हता. एवढ्या लांब माझी नजर जात न्हाई. तिचीच येती."

हा माणूस अडाणी नव्हता, हे मी पुन्हा सांगते. डोळ्यातून काही बाहेर पडत नाही, उजेड आत येतो, हे त्यांनी स्वतः पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं. मग हे काय? त्याचं उत्तर काकूंनी मला एकदा भाजी निवडता निवडता दिलं. त्यांचं पहिलं मूल मुलगा होता. तेव्हा सर तरुण होते, नव्याने शिकून आले होते, गावाच्या असल्या समजुतींना नावं ठेवायचे. बाळाला त्यांनी पहिल्या दिवसापासून मांडीवर घेतलं, डोळ्यांत डोळे घालून खेळवलं. "लई बघायचे त्याच्याकडं," काकू म्हणाल्या, "मीच म्हणायची, तीट तरी लावू द्या." बाळ पाच-सहा महिन्यांचं असताना तापाने गेलं. त्यानंतर ज्योती झाली, आणि तिच्या तोंडाकडे सरांनी कधी सरळ पाहिलं नाही. ज्योती आता हैदराबादला असते. ती मला एकदा म्हणाली होती, "मला अप्पांची एक बाजू पाठ हाय. दुसरी बाजू मी फोटोत बघितले." मला तेव्हा तिच्यासाठी रडू आलं होतं, सरांसाठी नंतर आलं.

ज्योती बाळंत होणार होती त्या सकाळी समोरची पेटली. आलेखातला ठिपका एकदम वर गेला, आदल्या दिवसाच्या कितीतरी पट. सरांनी मला फोन केला. आवाज घोगरा झाला होता. "आज ती डोळे वटारलीय गं. ज्योतीला दवाखान्यात नेलेत." मी त्यांना शिकवायला लागले, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हटलं, हा उजेड ज्योतीच्या, तुमच्या, माझ्या कुणाच्याही जन्माआधी निघालेला आहे, त्याचा आजच्या दिवसाशी काय संबंध? सर म्हणाले, "निघालं कवा ते मला बी ठावं हाय. पोचलं आज." फोन ठेवल्यावर मी वर्गावर गेले, पण शिकवताना दोनदा चुकले. संध्याकाळी कळलं की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

गौरीच्या बारशाला सर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. कुणी बसवलं नव्हतं, स्वतःच बसले. पुढे ज्योती सुट्टीला आली की ते मादन हिप्परग्याला भावाकडे जात. व्हिडिओ कॉल आला की मोबाईल असा धरत की पलीकडे छताचा पंखा दिसावा. गौरी बोलायला लागल्यावर पंख्यालाच आज्जा म्हणायची. एकदा त्यांनी मला विचारलं, "मोबाईलमधनं जाती का गं नजर?" मला हसू आलं. ते हसले नाहीत, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "सर, एकदा बघा तिच्याकडे. काही होत नाही." ते म्हणाले, "तसं मागं बी एकदा वाटलं हुतं."

त्यांचं हृदय आधीच दुबळं झालं होतं. या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. मी कलबुर्गीहून गेले. कडेवर माझा मुलगा होता, तेव्हा तो जेमतेम बसायला लागला होता. ज्योतीही आली होती, चार वर्षांच्या गौरीला घेऊन. ती सरांच्या उशाशी उभी राहून म्हणाली, "अप्पा, आता तरी माझ्या लेकीचं तोंड बघा. नंतर मी तिला काय सांगू?" तिचा आवाज चढला होता. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांनी नुसता हात हलवला, न्या तिला म्हणून. ज्योती तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. खोलीच्या दारात मी एकटी राहिले, मुलाला थोपटत.

आणि गौरी, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, ती पलंगावर चढली. आज्ज्याच्या अंगावरून ओलांडून भिंत आणि सर यांच्यामध्ये जी हातभर जागा होती तिथे उतरली आणि त्यांच्या तोंडासमोर आडवी झाली. सरांनी डोळे घट्ट मिटले. ती म्हणाली, "आज्जा, उघड." त्यांनी मान हलवली. तिने आपलं बोट त्यांच्या पापणीखाली घातलं आणि पापणी वर केली, मग दुसरी. मला पुढे व्हायला हवं होतं की नाही, कुणास ठाऊक, पण मी दारातच उभी राहिले. सरांचे डोळे उघडे होते आणि ती वीतभर अंतरावरून त्यांत बघत होती. तिचेही डोळे तसेच होते, जरा पिवळट. आणि तिचीही पापणी लवत नव्हती. मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

कितीतरी वेळ तसा गेला. मग सर म्हणाले, "अगं, किती जवळ हाय ही." जरा थांबून म्हणाले, "बघ अव्वा, बघ. पोट भरून बघ." एवढ्या वर्षांत इतका हलका आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला हायसं वाटलं, असं मी लिहू शकले असते, पण तसं वाटलं नाही. मला ती खोली सोडून जावंसं वाटलं.

दिवसभर काकू दर थोड्या वेळाने गौरीच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. गौरीला काही झालं नाही. ती जेवली, अंगणात खेळली, झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत सर गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा एक दिवसही लवकर नाही. माणसं नेण्याच्या गडबडीत असताना मी मुद्दाम त्यांच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडून पाहिलं. समोरची अगदी गप होती. तिला काही देणंघेणं नव्हतं, आणि याचा मला का कोण जाणे राग आला.

तिसऱ्या दिवशी मादन हिप्परग्याहून भावकीतल्या बायका आल्या. पुढच्या सोप्यात दाटीवाटीने बसल्या, दोघीतिघींच्या मांडीवर लहान मुलं होती. गौरी आतून आली. मुलाला मूल दिसलं की ते जातंच, तशी ती एका बाळाकडे गेली. त्या बाईने बाळावर पदर ओढला आणि अंग फिरवलं. गौरी दुसऱ्या बाईकडे वळली, तर तिने मूल उचलून पलीकडे दिलं. कुणी काही बोललं नाही, सगळं चहाचे कप पुढे करताना व्हावं तसं सहज झालं. फक्त कोपऱ्यातली एक म्हातारी बाजूचीला म्हणाली, "आज्ज्याची नजर नातीत उतरली बाई. बघता बघता गिळली की म्हाताऱ्याला." गौरी मधोमध उभी राहिली. आता कुणाकडे जावं हे तिला कळेना. आणि हळूहळू, माझ्या देखत, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ज्योती दाराची चौकट धरून उभी होती. तिच्या तोंडाकडे मी एकदाच बघितलं आणि मग मला बसवेना. मी शिकले आहे, मी शिकवते, मला यातलं काही खरं वाटत नाही, हे सगळं मी मनात म्हटलं आणि तरी कडेवरच्या मुलाला घट्ट धरलं होतं. माझा मुलगा भुकेने रडत होता. मी उठले, भिंतीपाशी गेले, गौरीला खांद्याला धरून वळवलं, खाली बसवलं आणि रडणारं मूल तिच्या मांडीवर ठेवलं. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ गं त्याच्याकडं. नीट, डोळ्यांत बघ." मागे कुणीतरी "अगंऽ" म्हणून श्वास ओढला.

गौरीने मान खाली घातली आणि बघितलं. पापणी न लववता. माझा मुलगा रडायचा एकदम थांबला. इतका एकदम, की माझा हात माझ्या नकळत त्याच्या छातीवर गेला. आत ठोके पडत होते, भराभर. मी हात तिथेच ठेवला. त्याने आपली मूठ वर करून तिच्या गालाला लावली.

गौरी मान वर न करता मला म्हणाली, "मावशी, ह्यो तर माझ्याकडंच बघायलाय."